फक्त वनस्पतीजन्य आहाराने वजन उतरतं का? आणि मराठी घरात ते जमवता कसं?

चाकवत
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८, वजन ७६ आणि उंची विचारू नका. डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, आधी तीन महिने खाणंपिणं सुधारा. सुधारा म्हणजे नक्की काय करू हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. लेक कॉलेजात आहे, ती व्हीगन झालीय, ती म्हणते आई तू पण दूध दही अंडी मासे सगळं बंद कर, आपोआप बारीक होशील. सासूबाई म्हणतात दूध सोडलंस की हाडं गेली समज. नवरा म्हणतो रविवारच्या मटणाला हात लावायचा नाही, बाकी काय करायचं ते करा.
मला प्राण्यांच्या वगैरे वादात आत्ता पडायचं नाहीये, मला वजन आणि शुगर खाली आणायचीय. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, फरक पडतो का, प्रोटीनचं काय करता, आणि मुख्य म्हणजे चहाचं काय करता??

रिकामटेकडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्न वनस्पतीजन्यच असतात.

सातारी_तडका
चहाचं काय करता यावर वेगळा धागा काढा ताई, इथं मावणार नाही.

शून्य_कॅलरी
मी केलंय, म्हणजे करतोय. वजन उतरलं, बऱ्यापैकी उतरलं. पण सुरुवातीचे दोन महिने उलट वाढलं होतं, कारण काय तर दूध-अंडी सोडली या आनंदात वडापाव, साबुदाणा खिचडी, फरसाण, बटाट्याचे वेफर्स सगळं चालू, सगळंच शाकाहारी आणि सगळंच बिनदुधाचं! साबुदाणा म्हणजे तर निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन जवळपास शून्य, वर त्यात दाण्याचा कूट आणि तूप. तूप बंद म्हणून मी तेल घालायचो. लेबल बदलून काही होत नाही, ताटात काय आहे ते बघावं लागतं.

पुणेरी_पाटी
+१. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली.

आज्जीबाई_जोरात
चाकवत, बाळा, सासूबाईंचं एकदम मोडीत काढू नकोस. आमच्या घरी सगळे माळकरी, सासरे नव्वदी पार करून गेले, शेवटपर्यंत स्वतःची भाकरी स्वतः मोडून खायचे. पण रोजचं ताक असायचंच, आणि दिवसभर शेतात. तुमच्यासारखं खुर्चीत बसून नाही.

लॅबवाला
आज्जींचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तोच पुढे नेतो. आपल्याकडे "पूर्वीचे लोक शाकाहारी होते आणि धडधाकट होते" हे फार ऐकू येतं. पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा एक फोटो आला होता, ते स्वतः आणि इंग्लंडचे त्यांचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारे आपण आतून लठ्ठ असतो, स्नायू कमी आणि पोटाशी चरबी जास्त. त्यामुळे चाकवत ताई, नुसता वजनाचा आकडा धरू नका, कमरेला टेप लावा. डाएट करून स्नायूच उतरले तर काटा खूश होईल, शुगर नाही होणार.

दुसरं, आणि हे मी रोज रिपोर्ट बघतो म्हणून कळकळीने लिहितोय, बी१२ जीवनसत्त्व. वनस्पतीत ते भरवशाचं मिळत नाही. स्पिरुलिना, आंबवलेलं पीठ, इडली, मोड आलेले मूग, कशातच नाही. याज्ञिकांच्याच गटाने पुणे आणि आसपासच्या गावांतले ४४१ पुरुष तपासले होते, २००६ मध्ये छापून आलं, त्यात ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गीयांत तर त्याहून जास्त. आणि हे सगळे काही व्हीगन नव्हते, घरात दूधदुभतं असलेले लोक होते. आता विचार करा, जे काही थोडंफार बी१२ येत होतं ते दुधातून आणि अंड्यातून, तेच बंद केलं तर?
टेस्ट आधी करा, मग दूध सोडा.

बदलापूर_लोकल
पण हिमोग्लोबिन नॉर्मल आलं तर बी१२ पण ठीकच असेल ना? माझं १३ आहे.

लॅबवाला
@बदलापूर नाही हो. पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याचं फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) चांगलं असतं, त्यामुळे रक्तात गडबड लवकर दिसत नाही आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. तळपायाला मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लाल, हे सगळं वयामुळे म्हणून आपण सोडून देतो. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी चालू असलेल्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं, त्या गोळीनेही बी१२ कमी होतं. गोळ्या स्वस्त आहेत, डोस डॉक्टरांना विचारा, धाग्यावर नको.

रिकामटेकडा
विसरभोळेपणा, जीभ लाल, मुंग्या... मला तिन्ही आहेत. जीभ मात्र पानामुळे.

कोल्हापुरी_धारोष्ण
मी लांबून वाचत होतो, पण दुधाला नावं ठेवायला लागलात म्हणून आलो. आमच्या चार म्हशी हायत. दूध पिऊन कोण जाड होत नाही, दुधात चार चमचे साखर घालून दिवसातनं सात चहा पिऊन होतंय.

चाकवत
@धारोष्ण दादा, दुधाला नावं नाही ठेवली हो, प्रश्न विचारला फक्त. आणि सात नाही, पाच.

अर्धा_चहा
पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमच्याला २० कॅलरी धरल्या तर निव्वळ साखरेच्या २०० झाल्या, आणि साखर ५० ग्रॅम. शिवाय म्हशीच्या दुधाचं सायीसकट वेगळं. एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२४ च्या मार्गदर्शक सूचना बघा, साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, तुमचा कोटा तिसऱ्या कपालाच खलास. मी कोरा चहा करते, गवती चहा आणि आलं घालून, लिंबू पिळून. सुरुवातीला आजारी माणसाचा काढा वाटतो, मग सवय होते. मुळात नंतर पाचाचे दोनच उरतात कारण तेवढी मजाच येत नाही :)

स्टुटगार्टकर
आमच्याकडे बरिस्टा लिहिलेलं ओटचं दूध मिळतं, ते चहात फाटत नाही. साधं बदामाचं दूध उकळत्या चहात हमखास फाटतं. सोयाचं घ्यायचं असेल तर आलं आधी पाण्यात चांगलं खळखळून उकळा, गॅस बंद करून मग दूध घाला, कच्च्या आल्याने गायीचं दूध पण फाटतं तिथे सोयाची काय कथा. आणि डब्यावर कॅल्शियम घातलंय का ते वाचा, सगळ्यात घातलेलं नसतं. ओटच्या दुधात साखर नैसर्गिकच बऱ्यापैकी असते हे एचबीएवनसीवाल्यांनी लक्षात ठेवा.
अवांतर: इथे व्हीगन सॉसेज, व्हीगन चीज, व्हीगन नगेट्स यांनी फ्रीझर भरलेले असतात. मी पहिल्या वर्षी तेच खाल्लं आणि कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे.

सांख्यिकी_सुंदरी
@स्टुटगार्टकर त्याचं कारण संशोधनात पण दिसतं. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना त्यांच्याच वॉर्डात ठेवून बघितलं होतं. २०१९ चा प्रयोग: दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं, पोट भरेल तितकं खा. पाकीटबंद खाताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. मग २०२१ मध्ये दुसरा प्रयोग, तोही २० जणांवर, एकदा कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार आणि एकदा प्राणिजन्य किटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी जास्त. वनस्पतीजन्य खाताना लोकांनी आपणहून दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भूक राहिली अशी तक्रार पण नाही. कारण सोपं आहे, भाज्या-डाळी-फळांत पाणी आणि तंतू इतके की पोट आधी भरतं.
पण!! त्याच प्रयोगात वनस्पतीजन्य आहारावर जेवणानंतरची शुगर जास्त चढत होती, कारण कर्बोदकं ७५ टक्के. चाकवत ताईंना हे लागू आहे. दोन आठवड्यांचा प्रयोग आहे, जन्मभराचा नाही, तरी भाताचा डोंगर करून वर "प्लांट बेस्ड" झेंडा लावू नये.

विदर्भाची_लेक
बाप्पा किती अभ्यास करून राहिले तुम्ही लोक! माझा अनुभव सांगते. मी पूर्ण व्हीगन नाही, घरी तूप-ताक आहे, पण दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे तेल मोजलं. आमच्या घरी चार माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन संपे. हिशोब करा, माणशी दिवसाला चाळीसेक मिली, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलातून, पोट काही भरत नाही त्यानं. आता कॅन अडीच महिने पुरते. तर्रीवाल्या रश्श्याची आठवण येते, पण महिन्यातून एकदा करतोच, त्याशिवाय नागपूरच्या पाण्याला न्याय कसा मिळायचा.
दुसरं, रोज जेवणात उसळ पक्की. मटकी, बरबटी (चवळी), वाटाणा, हरभरा, लाखोरी (लाखेची डाळ) नाही. आधी उसळ आणि काकडी-टमाटर खायचं, मग भाकर. तेवढ्यानंच भाकर तीनाची दीड झाली. आणि जवसाची चटणी, ओमेगा-३ साठी. तिचंही भान ठेवा, जवस आणि दाणे पौष्टिक असले तरी तेलबियाच आहेत, वाटीनं नाही चमच्यानं.

चाकवत
तेलाचं मी कधी मोजलंच नाही. आमच्याकडे तिघांत आणि सासूबाईंत मिळून... जाऊ दे, आज कॅन बघते.

मापात_माप
ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन कमी होतं असं कोण कोण म्हणतं त्यांनी हात वर करा. गव्हाचं पीठ १०० ग्रॅम आणि ज्वारीचं १०० ग्रॅम, कॅलरी जवळपास सारख्याच, साडेतीनशेच्या घरात. फरक एवढाच की भाकरीला तेल लागत नाही आणि सोबत झुणका-ठेचा असतो, श्रीखंड नसतं.

सातारी_तडका
@मापात_माप भाकरीबद्दल असं बोलायचं नाय. बाकी काय पण बोला.

ताकद_वाढवा
कुणी प्रोटीनबद्दल बोलतच नाहीये. डाळीत प्रोटीन असतं म्हणून सगळे खूश, पण एक वाटी पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम असतं जेमतेम. ७० किलोच्या माणसाला दिवसाला ५५-६० तरी हवं, वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर त्याहून जास्त. मी जिममध्ये जातो, लोक डाळभात खाऊन म्हणतात मी प्रोटीन खाल्लं. अंडं खा ना सरळ, सहा ग्रॅम, विषय संपला.

हुरडा_पार्टी
@ताकद_वाढवा दादा, वरण पातळ करायला कोण सांगतं? पिठलं घ्या, डाळीचं डांगर घ्या, मुगाचं धिरडं घ्या. कोरड्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम असतं, शेंगदाण्यात २५, सोयावडीत तर ५० च्या वर, तेही चिकनपेक्षा कितीतरी स्वस्तात. सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोनदा चांगली पिळायची, नाहीतर तो वास येतो आणि लोक जन्मात परत खात नाहीत. मग तिचा कांदा-लसूण मसाला घालून सुका खिमा करा, नवऱ्याला रविवारी वाढा, सांगू नका.

रिकामटेकडा
सांगू नका?? पहिल्या घासाला कळतं ताई. त्या घरात रविवार दुपारचं काय वातावरण असेल याची कल्पना करतोय.

ताकद_वाढवा
सोयाने पुरुषांना त्रास होतो म्हणतात, हार्मोनचा.

लॅबवाला
नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर पुरुषांचे हार्मोन बदलत नाहीत, यावर बऱ्याच चाचण्या झाल्यात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोयात अंतर ठेवावं, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. आणि किडनीचा आजार असेल तर डाळी, पालेभाज्या, फळं हे सगळं पोटॅशियममुळे मोजून घ्यावं लागतं, तिथे इथले सल्ले अजिबात वापरू नका.

पुणेरी_पाटी
डाएटवाले डॉ. दीक्षित सर काय म्हणतात ते विसरलात वाटतं सगळे. दोन वेळा, ५५ मिनिटं, मध्ये काही नाही. शाकाहारी खा नाहीतर मासे खा.

शून्य_कॅलरी
आलं! दीक्षित विरुद्ध आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर चालू होणार आता. धागा इथून शंभरी गाठणार.

मासळीबाजार
दीक्षित की दिवेकर ते तुम्ही ठरवा, आम्ही बांगडा खातो.

गोंयचो_पाव
गोव्यात मोठा श्रावण पाळतात, घराघरांत महिनाभर मासे बंद. मला विचाराल तर महिनाभर कुणाचंच वजन उतरत नाही, कारण नारळ. खतखतें, अळसांद्यांचं तोंडाक, मुगा गाठी, सगळ्यात वाटण, आणि जेवण झालं की वर दाट सोलकढी. ओल्या नारळात १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी असतात आणि चरबी बहुतेक सॅच्युरेटेड, एलडीएल वाढवणारी. चवीला मात्र तोड नाही हे कबूल. मी आता वाटणात अर्धा नारळ आणि अर्धे भाजलेले चणे घालतो, आईला अजून कळलेलं नाही.

करुणा_हीच_ओळख
सगळे कॅलरी कॅलरी करताय, वासराचं दूध तोडून आपण पितो हे कुणाला दिसत नाही का? आरोग्यासाठी सोडा नाहीतर कशासाठीही, सोडा.

कोल्हापुरी_धारोष्ण
ताई आधी गोठ्यात या एकदा. वासराला पाजल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाय. आणि दूध बंद केलं तर त्या म्हशीचं काय करायचं ते पण सांगा, शेणखत कुठनं आणायचं, मुलांची फी कशातनं भरायची.

करुणा_हीच_ओळख
मोठ्या डेअऱ्यांत रेडकाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे दादा. तुमच्या चार म्हशींबद्दल मी बोलत नाहीये.

कोल्हापुरी_धारोष्ण
ते मान्य. पण मग तसं लिवा की.

संपादक_मंडळ
या विषयावर स्वतंत्र धागा काढावा, तिथे मनसोक्त चर्चा करा. इथे आहार आणि वजन एवढंच. पानावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

बदलापूर_लोकल
काढलेल्या दोन प्रतिसादांत काय होतं???

हाडाची_वैद्य
सासूबाईंचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. मी फिजिओ आहे. इंग्लंडच्या एपिक-ऑक्सफर्ड पाहणीत २०२० साली दिसलं होतं की व्हीगन लोकांत एकूण फ्रॅक्चरचं प्रमाण मांसाहारींपेक्षा ४३ टक्के जास्त होतं, खुब्याच्या हाडाचं तर दुपटीहून अधिक. त्यांचं वजन, कॅल्शियम आणि प्रोटीन कमी असणं हे एक कारण, पण हिशोबात ते धरूनही थोडा फरक उरलाच. म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत. त्याच पाहणीत शाकाहारींना हृदयविकार कमी दिसला होता, म्हणजे दोन्ही बाजू आहेत.
उपाय: नाचणी, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तीळ सालासकट. राजगिऱ्याचा पाला. सकाळचं ऊन, डी जीवनसत्त्व तपासून घेणं, आणि वजन उचलायचा व्यायाम, हे शेवटचं बायका कधीच करत नाहीत. चाळिशी-पन्नाशीत तर नुसतं चालणं पुरत नाही. जिना, उठाबशा, पाण्याच्या बाटल्या, काहीही उचला.
आणि जेवताना चहा घेऊ नका, लोह अडतं. लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. आपल्याकडे उसळीवर लिंबाची फोड देतात ते काही शोभेला नाही.

वाचनमात्र_होते
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलं, मिस्टरांना टाइप टू आहे. खाणं बदललं तशी शुगर इतकी खाली आली की चालू गोळीमुळे एकदा घाम सुटून हातपाय थरथरायला लागले. गोळी कमी करावी लागली. ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आपल्या आपण एकदम बदल करू नका, डॉक्टरांना सांगून करा. एवढंच सांगायचं होतं.

चाकवत
@वाचनमात्र_होते बरं झालं लिहिलंत. माझी गोळी अजून चालू नाही, पण लक्षात ठेवते.
मंडळी, बी१२ केलं. १६४. लॅबची खालची मर्यादा २०० होती. आणि मी तर दूध-दही खाणारी बाई! डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिलीत. लेकीला पण ओढून नेलं, तिचं माझ्यापेक्षा कमी, घरात दोन दिवस शांतता होती. तीही आता गोळी घेते, व्हीगनपणा तिने सोडलेला नाही आणि मी सोड म्हटलंही नाही.
माझं ठरलंय ते असं: पूर्ण व्हीगन नाही. सकाळचा एक चहा दुधाचा, बिनसाखरेचा, तो माझा हक्क आहे. बाकी कोरा. दुपारी उसळ-कोशिंबीर आधी आणि एक भाकरी, रात्री मुगाचं धिरडं नाहीतर पिठलं, भात दिवसाआड. अंडं आठवड्यातून दोन-तीनदा. रविवारी मटणाचा रस्सा वाढेन, स्वतः दोन फोडी खाईन आणि सोबत वाटीभर वालाचं बिरडं. तेलाचा कॅन वर ठेवलाय, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. कंबर ९६ आहे.

लॅबवाला
छान. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत परत करू नका, पैसे फुकट जातात. बी१२ मात्र इंजेक्शनं झाल्यावर किती दिवसांनी बघायचं ते विचारून घ्या.

करुणा_हीच_ओळख
एक चहा सोडलात तर पूर्ण होईल. असो. चार कप कमी झाले हे पण कमी नाही.

सांख्यिकी_सुंदरी
@चाकवत रात्री पिठलं रोज? बेसनाचा कंटाळा येईल.

कुळीथ
बेसनाचं कशाला, कुळथाचं करा की. मालवणी माणसाला विचारा. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, हिरवी मिरची, कांदा मऊ होईपर्यंत परता. अडीच भांडी पाणी घाला, उकळी आली की तीन मोठे चमचे कुळथाचं पीठ थंड पाण्यात कालवून ओता, एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्याने ढवळायचं, नाहीतर गोळे. मीठ, कोकम, दहा मिनिटं मंद आचेवर. थंड झालं की घट्ट होतं म्हणून आधीच पातळ ठेवा. सोबत नाचणीची भाकरी आणि उकडीच्या तांदळाचा भात. भात मूठभरच हां ताई.

हुरडा_पार्टी
कोकम आधी घातलं तर चालेल का? आणि पीठ भाजून घ्यायचं की कच्चं?

कुळीथ
विकतचं पीठ भाजलेल्या कुळथाचंच असतं बहुतेक, घरी दळून आणणार असाल तर कुळीथ आधी खमंग भाजा. कोकम शेवटी, तीन आमसुलं पुरे. आंबट आवडत असेल तर चार.

रिकामटेकडा
मी पाच घातली. आता घरात कुणी बोलत नाहीये माझ्याशी.